फ्रिडोलिन फॉन झेंगर

फ्रिडोलिन फॉन झेंगर उंड एटरलिन (४ सप्टेंबर १८९१ – ९ जानेवारी १९६३) हा दुसऱ्या महायुद्धातला जर्मन जनरल, मुख्यतः इटलीतल्या मोन्ते कासिनोच्या लढाईमुळे ओळखला जातो. प्रसिद्ध जर्मन रणगाडा-सेनापती रोमेलसारखी मुसंडी मारणारा म्हणून याचं नाव नाही, याच्या वाट्याला जास्त करून आली ती पडती बाजू सांभाळायची आणि वेळ आली की माणसं मागे काढायची कामं, आणि ती त्याने फार चांगली केली.

जन्म स्विस सीमेजवळच्या वाल्ड्सहूटचा, कॅथलिक घर. १९१२ला ऱ्होड्स स्कॉलरशिपवर ऑक्सफर्डला गेला, दोन वर्षांत पहिलं महायुद्ध पेटलं आणि हा जर्मन तोफखान्यात. नंतर घोडदळात गेला. १९४०च्या फ्रान्स मोहिमेत त्याची ब्रिगेड रोमेलच्या बरोबरीने शेरबूरपर्यंत पोचली, मग दोनेक वर्षं इटलीत तूरिनला फ्रान्स-इटली शस्त्रसंधी कमिशनवर लायझनचं (म्हणजे जर्मनीच्या वतीने दुवा म्हणून) काम.

१९४२च्या शेवटी १७व्या पान्झर (रणगाड्यांच्या) डिव्हिजनची कमांड मिळाली आणि लगेच डिसेंबरात स्टालिनग्राडला वेढ्यात अडकलेल्या सैन्याला सोडवायच्या मोहिमेत ही डिव्हिजन उतरवली, हातात टँक मोजकेच, मोहीम फसली. १९४३च्या उन्हाळ्यात सिसिलीत इटालियन आर्मीकडे लायझन, आणि सप्टेंबरमध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर कॉर्सिकातून जर्मन फौज बाहेर काढायची जबाबदारी. तिथे पकडलेल्या इटालियन अधिकाऱ्यांना गोळ्या घालायचा हिटलरचा हुकूम त्याने पाळला नाही, आणि तरी कारवाई झाली नाही.

ऑक्टोबर १९४३पासून तो १४व्या पान्झर कोअरचा (काही डिव्हिजन मिळून होणाऱ्या तुकडीचा) प्रमुख. गुस्ताव लाइनचा, म्हणजे रोमच्या दक्षिणेकडच्या जर्मन बचावफळीचा, कासिनोचा भाग याच्याकडे, डोंगर, थंडी, चिखल, आणि वर बेनेडिक्टाइन या कॅथलिक साधुपंथाचा मठ, गंमत म्हणजे झेंगर स्वतः त्याच पंथाशी जोडलेला. १५ फेब्रुवारी १९४४ला मित्रराष्ट्रांनी मठ बॉम्ब टाकून पाडला, तोपर्यंत जर्मन सैनिक मठात मोर्चे लावून बसलेले नव्हते, नंतर मात्र ढिगाऱ्यात जाऊन बसले कारण लपून लढायला पडकी भिंत उभ्या इमारतीपेक्षा बरी. त्याच फेब्रुवारी-मार्चमध्ये चौथी इंडियन डिव्हिजन या डोंगरावर धडकत राहिली आणि रक्तबंबाळ होऊन थांबली. ११ मेच्या रात्री शेवटचा मोठा हल्ला सुरू झाला, खाली गारी नदी ओलांडणाऱ्या आठव्या इंडियन डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियनसुद्धा होती, आणि नेमका तेव्हा झेंगर रजेवर जर्मनीत! परत येईपर्यंत लाइन फुटायला लागली होती.

पुढे उत्तरेकडे माघार, बोलोन्याच्या आसपासचा हिवाळा, एप्रिल १९४५मध्ये पो नदी, आणि ४ मे १९४५ला फ्लॉरेन्सला अमेरिकन जनरल मार्क क्लार्कसमोर इटलीतल्या जर्मन फौजेच्या वतीने शरणागतीसाठी उभा राहिला तो हाच.

तो नाझीविरोधी होता असं सर्रास लिहिलं जातं, पण ती इमेज बरीचशी त्याच्या स्वतःच्या आठवणींच्या पुस्तकावर उभी आहे, आणि मनात काहीही असलं तरी लढला तो शेवटपर्यंत हिटलरसाठीच, हे विसरून चालत नाही. १९४८पर्यंत ब्रिटिशांच्या कैदेत होता, सुटल्यावर शाळेत काम केलं, १९५०ला पश्चिम जर्मनीच्या नव्या सैन्याचा आराखडा ज्या हिमेरोडच्या मठात ठरला तिथल्या बैठकीलाही होता. मुलगा फर्डिनांडही पुढे त्या नव्या सैन्यात जनरल झाला.