वजनावर विमानभाडे: वादामागचा इतिहास

विमानाचे तिकीट प्रवाशाच्या वजनावर ठरावे का, या वादात दोन वेगळी मापे सतत एकमेकांत मिसळली जातात. पहिले किलोचे आणि दुसरे सीटच्या रुंदीचे. किलो वाढले की इंधन जास्त लागते आणि विमानाचा तोल सांभाळावा लागतो. रुंदीचा प्रश्न मात्र शेजारच्या प्रवाशाच्या जागेचा आहे. शंभर किलोंचा उंचपुरा खेळाडू सीटमध्ये व्यवस्थित मावतो, आणि त्याच्याहून हलक्या पण ठेंगण्या आणि रुंद माणसाला आर्मरेस्ट खाली घेता येत नाही. हा फरक लक्षात ठेवला नाही तर पुढचा सगळा इतिहास उलटा वाचला जातो.

१९२० आणि ३० च्या दशकांत सामानाबरोबर प्रवाशालाही काट्यावर उभे केले जाई. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर ही नित्याची गोष्ट होती. विमाने लहान होती आणि काळजी तोलाची होती. विमाने मोठी झाली तसा काटा मागे पडला आणि त्याच्या जागी ठरवून दिलेले सरासरी वजन आले. युरोपात बराच काळ हातसामानासह प्रौढ प्रवासी ८४ किलोंचा आणि लहान मूल ३५ किलोंचे धरले जाई. भारतात प्रौढासाठी ७५ किलो हा आकडा वापरात आला.

सरासरी चुकली तर काय होते हे २००३ च्या जानेवारीत अमेरिकेतील शार्लट येथे दिसले. १९ आसनी विमान उड्डाण करताच कोसळले आणि २१ जण गेले. शेपटीकडच्या नियंत्रणाची केबल देखभालीत चुकीची जुळवली गेली होती, शिवाय विमान मागच्या बाजूने जड होते. गृहीत धरलेली सरासरी खऱ्या प्रवाशांपेक्षा बरीच कमी असल्याचे तपासात आढळले आणि अमेरिकी नियामकाने ती वाढवली. २०२० मध्ये बर्मिंगहॅमहून मायोर्काला निघालेल्या विमानाचे वजन कागदावरच्या आकड्याहून सुमारे १,२०० किलो जास्त भरले. नव्या सॉफ्टवेअरने नावाआधी 'मिस' लावणाऱ्या ३८ महिलांना लहान मुली समजून प्रत्येकी ६९ ऐवजी ३५ किलो धरले होते. सुदैवाने विमान सुखरूप पोचले. वजनावर भाडे हवे म्हणणारे अशा घटनांचे दाखले देतात, पण दोन्ही ठिकाणी वजनाबाबतचा दोष हिशेबाचा होता. प्रवाशाकडून जादा पैसे घेतले असते तरी तो सुधारला नसता.

भाड्याबद्दलचा खरा लढा कॅनडात झाला, आणि तो इथे सविस्तर सांगायला हवा, कारण अजूनही सगळे त्याच निर्णयापाशी येऊन अडतात.

सुरुवात एका स्थूल महिलेच्या तक्रारीने झाली. १९९७ च्या देशांतर्गत प्रवासात तिला सीट अपुरी पडली होती. २००१ मध्ये वाहतूक नियामकाने सांगितले की स्थूलपणा हे आपोआप अपंगत्व ठरत नाही, आणि २००२ मध्ये या महिलेलाही अपंग मानता येणार नाही असा निर्णय दिला. २००६ च्या जानेवारीत अपील न्यायालयाने यातला दुसरा भाग फिरवला. विमानप्रवासापुरता तिच्यापुढे खरा अडथळा आहे आणि तेवढे पुरेसे आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

त्यानंतर १० जानेवारी २००८ रोजी, २००२ च्या एका वेगळ्या तक्रारीवर, नियामकाने 'एक व्यक्ती, एक भाडे' हा आदेश दिला. अपंगत्वामुळे सोबत मदतनीस लागणाऱ्या प्रवाशाला मदतनीसाच्या सीटचे वेगळे पैसे पडणार नाहीत, आणि स्थूलपणामुळे ज्याला एका सीटमध्ये बसणे शक्य नाही त्याला दुसरी सीट त्याच भाड्यात मिळेल. कंपन्यांना तयारीसाठी एक वर्ष दिले गेले. त्यांनी अपिलाची परवानगी मागितली, ती आधी अपील न्यायालयाने आणि नोव्हेंबर २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाकारली.

कंपन्यांचे मुख्य म्हणणे खर्चाचे होते. नियामकाच्या अंदाजाने हा बोजा देशांतर्गत तिकिटामागे मोठ्या कंपनीला सुमारे ७७ सेंट आणि दुसरीला सुमारे ४४ सेंट इतका पडणार होता. आकडा एवढा लहान असल्याने खर्चाचा युक्तिवाद माझ्या मते तिथेच संपायला हवा होता. अवघड प्रश्न पात्रतेचा होता. आदेशात किलोची कोणतीही मर्यादा नाही. माणूस सीटमध्ये मावतो की नाही, एवढीच कसोटी आहे. ती लावायची कोणी? चेक-इनच्या रांगेत कर्मचाऱ्याने सर्वांदेखत, की दवाखान्यात डॉक्टरने? एका कंपनीने डॉक्टरकडून मोजमापाचा फॉर्म भरून आणायला सांगितल्यावर डॉक्टरांच्या संघटनेनेच नाराजी व्यक्त केली. रुग्णाची बैठक किती रुंद आहे हे मोजणे वैद्यकीय काम नाही, अशी त्यांची भूमिका होती आणि ती रास्त होती. आणखी एक त्रुटी म्हणजे आदेश फक्त देशांतर्गत उड्डाणांना लागू होता. टोरांटोहून व्हँकुव्हरला जाताना मिळणारी दुसरी सीट टोरांटो ते शिकागो प्रवासात त्याच माणसाला मागता येत नव्हती.

उलट टोकाचे पाऊल २०१३ मध्ये सामोआतील एका छोट्या कंपनीने उचलले. प्रवाशाने बुकिंग करताना स्वतःचे आणि सामानाचे वजन सांगायचे, विमानतळावर काट्यावर उभे राहायचे आणि किलोच्या दराने पैसे भरायचे. लहान मुले असलेल्या कुटुंबांना प्रवास स्वस्त पडू शकत होता, हेही नोंदवायला हवे. कंपनीच्या ताफ्यातले आयलँडर नावाचे छोटे विमान सगळे मिळून सुमारे तीन टन वजनानिशी उडते. त्यात चाळीस किलो जास्त असणे आणि ७७-७८ टनांच्या एअरबस ए३२० मध्ये तेवढेच जास्त असणे, यांत तुलनाच होऊ शकत नाही. त्याच वर्षी नॉर्वेतील एका अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने वजनावर भाडे आकारण्याचे तीन पर्याय मांडले, त्यामुळे सामोआचा प्रयोग मोठ्या कंपन्यांसाठीही आदर्श असल्यासारखी चर्चा सुरू झाली. सामोआतील ती विमानसेवा पुढे फार वर्षे टिकली नाही.

केदारनाथच्या हेलिकॉप्टरला जाणाऱ्या आपल्याकडच्या यात्रेकरूंना हे नवीन वाटणार नाही. तिथे वजन होते आणि ८० किलोंच्या वरच्या प्रत्येक किलोला जादा पैसे लागतात. साडेतीन हजार मीटरवरच्या विरळ हवेत लहान हेलिकॉप्टरला प्रत्येक किलो खरोखर जड जातो.

२०१६ मध्ये हवाईतील होनोलुलू ते अमेरिकन सामोआतील पागो पागो या मार्गावर प्रवाशांचे वजन करून सीट ठरवल्या जाऊ लागल्या. भाडे तेच राहिले, तरी हा भेदभाव फक्त सामोअन लोकांच्या वाट्याला का, अशा तक्रारी अमेरिकी सरकारकडे गेल्या आणि फेटाळल्या गेल्या. २०२३ मध्ये ऑकलंड आणि सोल येथे आणि २०२४ मध्ये हेलसिंकीत सरासरी ठरवण्यासाठी प्रवाशांची वजने घेतली गेली, नाव न नोंदवता. त्यांचा तिकिटाशी संबंध नव्हता.

रुंदीचा प्रश्न मात्र पुन्हा तापला आहे. अमेरिकेतील एक मोठी कंपनी अनेक वर्षे स्थूल प्रवाशाला दुसऱ्या सीटचे पैसे प्रवासानंतर परत करीत असे किंवा विमानतळावर सीट मोफत देई. जानेवारी २०२६ पासून सीट क्रमांक आधी ठरू लागले आणि दुसरी सीट आगाऊ विकत घेणे बंधनकारक झाले. विमान निघताना किमान एक सीट रिकामी असेल, दोन्ही तिकिटे एकाच भाडेवर्गातली असतील आणि ९० दिवसांत मागणी केली असेल, तरच ते पैसे परत मिळतात.