निसर्गानुकूल विद्यापीठ-वास्तुरचना (खानदेश)

विद्यापीठाच्या इमारतींची जागा, दिशा, भिंती, छप्पर, चौक, पाणी आणि भोवतालचा झाडोरा यांची आखणी तेथील ऊन, वारा, पाऊस, जमीन व जीवसृष्टी यांना धरून करण्याच्या पद्धतीस निसर्गानुकूल विद्यापीठ-वास्तुरचना म्हणतात. इमारत बांधून झाल्यावर तिच्याभोवती हिरवळ आणि फुलझाडे लावणे हा सुशोभनाचा भाग असून प्रस्तुत पद्धती त्याहून वेगळी आहे. येथे वास्तूचा आकारच परिसरावरून ठरतो.

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत हा विचार सोयीचा राहत नाही, गरजेचा होतो. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठा-सातमाळ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी अशी खानदेशाची ठेवण आहे. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात दुपारचे तापमान ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते, हिवाळ्यात पहाटे ते १० अंशांच्या आसपास उतरते आणि जळगावचा वर्षाचा सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत जवळजवळ सगळा पडून जातो. धुळे जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण भागात तो याहूनही कमी असतो. विद्यापीठीय परीक्षांचा मोठा हंगाम नेमका याच कडक उन्हात येतो, ही गोष्ट नकाशे काढताना क्वचितच लक्षात घेतली जाते. वास्तविक खानदेशातील अध्ययन-इमारतीची खरी कसोटी एप्रिल-मेमधील दुपारच्या परीक्षा-दालनातच लागते.

पूर्वपरंपरा : या हवामानाला खानदेशातील खेड्यांनी शोधलेले उत्तर म्हणजे धाब्याचे घर. मातीच्या जाड भिंती, लहान व मोजक्या खिडक्या, लाकडी तुळयांवर काटक्या अंथरून त्यावर मातीचा जाड थर चोपून केलेले सपाट छप्पर, अशी त्याची बांधणी असते. दिवसा माणसे आत गारव्याला बसतात आणि उन्हाळ्यात रात्री धाब्यावर अंथरुणे टाकतात. जाड भिंत दिवसभर ऊन शोषते व ते उशिरा, रात्री आत सोडते. त्या वेळी घर रिकामे आणि माणसे उघड्यावर असतात. घर कोणत्या वेळी कोठे वापरायचे हा निर्णय या बांधणीतच आहे आणि विद्यापीठाच्या रचनाकारास यातून घेण्यासारखे सर्वांत मोलाचे तेच आहे.

विद्येचे स्थान रानाच्या सान्निध्यात असण्याची परंपराही येथे जुनी आहे. चाळीसगावजवळील पाटणे येथे इ. स. १२०७ च्या शिलालेखात, भास्कराचार्यांचे नातू व यादव राजा सिंघण याच्या दरबारातील ज्योतिषी चांगदेव यांनी आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा आणि स्थानिक निकुंभ सरदारांनी त्याला दाने दिल्याचा उल्लेख आहे. डोंगरांच्या कुशीतील हा परिसर आज गौताळा अभयारण्याला लागून आहे. आधुनिक काळात अमळनेर येथे १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली व २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. सुमारे ६५० एकरांचे त्याचे आवार जळगावच्या पश्चिमेस, गिरणेच्या जवळ, उंचसखल जमिनीवर पसरलेले आहे. उताराची हलकी जमीन, थोडे पाणी आणि प्रखर ऊन असलेल्या अशाच जागा खानदेशातील मोठ्या शिक्षणसंस्थांच्या वाट्याला येतात, त्यामुळे पुढील विवेचनात तीच परिस्थिती गृहीत धरली आहे.

दिशा व सावली : खानदेश साधारणपणे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेअखेरीस आणि जुलैच्या मध्यानंतर सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो व मधल्या काळात किंचित उत्तरेकडे सरकतो, तर डिसेंबरमध्ये तो माध्यान्हीही क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवरच असतो. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, तर वर्गांच्या खिडक्या उत्तरेस व दक्षिणेस येतात आणि दक्षिणेचे ऊन साध्या छज्जाने आवरता येते. चार फूट उंचीच्या खिडकीवर दीड फुटाचा छज्जा असल्यास मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत माध्यान्हीचे ऊन खिडकीत जवळजवळ येत नाही. डिसेंबरमध्ये मात्र त्याची सावली खिडकीच्या वरच्या दीड फुटापुरतीच पडते आणि खालच्या अडीच फुटांतून थंडीतले हवेसे ऊन आत उतरते. पश्चिमेचे ऊन तिरपे येत असल्याने त्याला कोणताही छज्जा पुरत नाही. म्हणून पश्चिम बाजूस जिने, स्वच्छतागृहे, भांडारखोल्या ठेवून भिंत शक्य तितकी बंद करावी आणि तिच्यासमोर दाट सावलीची झाडे लावावीत. दर्शनी भागाला पूर्ण काच लावण्याची पद्धत अलीकडे लहान शहरांतील महाविद्यालयांतही शिरली आहे. खानदेशात तिचे समर्थन करता येत नाही. अशी काच ऊन आत घेते आणि नंतर ते बाहेर काढण्यासाठी दिवसभर वातानुकूलन यंत्रे चालवावी लागतात.

भिंती व छप्पर : दीड फूट जाडीची दगडी किंवा विटांची भिंत बाहेरची उष्णता कित्येक तास अडवून धरते. सकाळी उघडून सायंकाळी बंद होणारे वर्ग, ग्रंथालय व प्रयोगशाळा यांना ती फार उपयोगी पडते, मात्र रात्री खिडक्या उघड्या ठेवून भिंती निववण्याची व्यवस्था त्यांत हवी. वसतिगृहाचे गणित उलटे आहे. विद्यार्थी तेथे रात्री झोपतात आणि नेमकी त्याच वेळी जाड भिंत तापलेली असते. वसतिगृहासाठी हलक्या, लवकर निवणाऱ्या भिंती, समोरासमोर खिडक्या आणि झोपण्याजोगी, कठडे असलेली गच्ची हवी. एकाच आवारातील सर्व इमारती एकाच नमुन्यावर बांधण्याची सरकारी व निमसरकारी कामांतील सवय या फरकाकडे दुर्लक्ष करते आणि त्याची किंमत विद्यार्थी उन्हाळ्याच्या रात्री जागून मोजतात. बैठ्या इमारतीत सर्वाधिक उष्णता छपरातून येते. उघडा काँक्रीटचा स्लॅब हा तेथील मुख्य शत्रू होय. त्यावर विटांच्या चुऱ्याचा व चुन्याचा कोबा, वरून पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, किंवा थोड्या उंचीवर सौर पटलांची सावली, यांपैकी काहीही केले तरी खालची खोली लक्षणीय थंड राहते.

भारतातील गाजलेल्या शैक्षणिक वास्तूंकडून प्रेरणा घेताना हवामानाचा फरक पाहावा लागतो. लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्रात विटांच्या जाळीदार भिंती वापरल्या, तर बाळकृष्ण दोशी यांनी बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत करड्या दगडाच्या, वेलींच्या मांडवांनी झाकलेल्या लांब ओवऱ्या रचल्या. पहिल्या ठिकाणी दमट हवेला वाहती ठेवायचे होते आणि दुसऱ्या ठिकाणची हवा मुळातच सौम्य आहे. जळगावात मे महिन्यात तशीच उघडी जाळी ठेवली तर वर्गात झळा शिरतील. येथे जाळीला आतून झडपा हव्यात, ओवरी खोल व उंच हवी आणि चौक अरुंद हवा, म्हणजे दुपारी त्यात सावली राहते व रात्रीची थंड हवा तळाशी साचते. हवा कोरडी असताना चौकात किंवा वाऱ्याच्या वाटेवर ओले वाळ्याचे पडदे लावल्यास चांगला गारवा मिळतो; पावसाळ्यात व ऑक्टोबरमध्ये हा उपाय चालत नाही.

जमीन व पाणी : तापीच्या खोऱ्यातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात खोल भेगा पडून आकसते. तिच्यावर उथळ पाया घातल्यास भिंतींना तडे जातात. म्हणून पाया मुरमापर्यंत नेतात किंवा तळाशी फुगीर केलेले खोल खांब घालतात. अधिक शहाणपणाचा मार्ग जागा निवडतानाच घेता येतो : काळी जमीन शेतीसाठी वा झाडांसाठी सोडून इमारती मुरमाड उंचवट्यावर न्याव्यात. गावाची वस्ती पांढरीत आणि पीक काळीत, ही जुनी वाटणीही हेच सांगते.

एक हजार चौरस मीटर छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला व त्यातील ८० टक्के हाती लागला, तर वर्षाला ५ लाख ६० हजार लिटर पाणी मिळते. हे पाणी जमिनीत मुरवताना काळ्या मातीतील उथळ खड्डा निरुपयोगी ठरतो, कारण ती पाणी फार सावकाश सोडते. खड्डा मुरमापर्यंत किंवा झिजलेल्या, भेगाळ खडकापर्यंत गेला पाहिजे. उतारावर सलग समतल चर खोदल्यास पावसाचे पाणी जागीच थांबते आणि झाडे तगतात.

झाडोरा : सावलीसाठी झाड निवडताना ते मे महिन्यात पानांवर असते का, हे पाहणे आवश्यक आहे. कडुनिंब व करंज यांना कडक उन्हाळ्यापूर्वीच नवी पालवी येते आणि चिंच व वड दाट सावली देतात. सालई मात्र ऐन उन्हाळ्यात ओकीबोकी असते. अंजन हा या कोरड्या प्रदेशाचा खास वृक्ष असून मुरमाड उतारावर तो उत्तम येतो. काळ्या जमिनीत मोठे झाड इमारतीला खेटून लावू नये, कारण त्याची मुळे पायाखालची ओल ओढून घेतात व जमीन खचते. झाडाच्या पूर्ण वाढलेल्या उंचीइतके अंतर ठेवणे सुरक्षित होय. आवारातील सगळेच माळरान झाडांनी भरून टाकण्याचा उत्साहही आवरावा लागतो. गवत, हिवर, बोरी आणि त्यांवर जगणारे पक्षी-कीटक यांचे ते स्वतंत्र घर आहे आणि जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्याहून जवळची प्रयोगशाळा मिळणार नाही. त्याचा काही भाग राखून, भोवती जाळरेषा काढून वणव्यापासून जपावा.

अशा वास्तूची देखभाल ठरलेल्या हंगामांनुसार चालते. छपराचा पांढरा लेप मार्चपूर्वी नवा करावा लागतो, मृगाच्या आधी पन्हळी, गाळणखड्डे व चर साफ करावे लागतात आणि नव्या रोपांना पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावे लागते. आवाराच्या वार्षिक अंदाजपत्रकात या कामांसाठी स्वतंत्र तरतूद आणि त्यांची जबाबदारी सांभाळणारा माणूस, या दोन्ही गोष्टी मूळ आराखड्यातच लिहून ठेवाव्या लागतात.