आजोबांची जुनी फियाट विकायचीय? गिऱ्हाईक नंतर, आधी आरसी काढून बघा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बऱ्याच जणांचे गाडीच्या नोंदणीचे अर्ज आरटीओतून परत आलेले बघितले म्हणून लिहितोय. गाडी पंधरा-वीस वर्षं शेडमध्ये झाकलेली असते, कोणीतरी चांगला भाव बोलतो आणि मग सगळे कागद शोधत बसतात.

पहिलं म्हणजे जुनी गाडी वेगळी आणि व्हिंटेज (जपलेल्या खूप जुन्या गाड्यांची वेगळी सरकारी नोंदणी) वेगळी. केंद्राच्या 2021 च्या नियमाप्रमाणे पहिल्या रजिस्ट्रेशनपासून 50 वर्षं व्हायला लागतात, त्यामुळे 1985 ची पद्मिनी (फियाटचंच नंतरचं नाव) कितीही चकाचक असली तरी ती यात बसत नाही. तिची आरसी रिन्यू करायची आणि मालकी बदलायच्या नेहमीच्या फॉर्म 29, 30 वर विकायची, बस. आणि वय बसलं तरी चासी, बॉडी, इंजिन मूळचं पाहिजे. इथंच निम्मे लोक अडकतात, कारण मायलेजसाठी डिझेल इंजिन बसवून घेतलेलं असतं आणि घरात कोणाला ते आठवतही नाही. फडक्याला रॉकेल लावून चासी नंबरवरचा गंज पुसा, कागद ठेवून पेन्सिल घासा, इंजिन नंबरही घ्या आणि दोन्ही आरसीशी जुळवा. हे अर्ध्या तासाचं काम आहे, पण अर्ज परत आल्यावरच करतात सगळे!

खरा घोळ आरसीवरच्या नावाचा. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी गाडी त्यांच्याच नावावर. वारसाने फॉर्म 31 भरायची मुदत तीन महिन्यांची, आपल्याकडे तेवढ्यात दिवसकार्याचा हिशोबही मिटत नाही. आता उशीर झालाच आहे तर दंड भरा, पण आधी गाडी वारसाच्या नावावर करा, मगच विक्री. मृत्यूचा दाखला, वंशावळ, बाकीच्या वारसांची संमती लागते. नाडकचेरीतून (कर्नाटकातलं गावाजवळचं महसूल कार्यालय) वंशावळ कन्नडमध्ये येते, वाचता येत नसेल तर कोणाकडून तरी वाचून घ्या ओ, एकांच्यात लग्न झालेल्या आत्याचं नावच राहिलेलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

नंबर जुना एमवाय (म्हैसूर राज्याच्या काळातल्या) सिरीजचा असेल तर तो ऑनलाइन सापडणारच नाही, हाताने लिहिलेल्या रजिस्टरवरून बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद कॉम्प्युटरवर चढवणं) करून घ्यायला लागते. "उद्या या" बरेचदा ऐकाल, त्यामुळे अर्ज द्याल तेव्हा पोच घ्याच.

व्हिंटेजचा अर्ज फॉर्म 20 वर, सोबत आरसी, चालू इन्शुरन्स, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये. सर्टिफिकेट 10 वर्षं चालतं.

मुदतीतही गफलत होते. व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी विकली तर विकणारा आणि घेणारा दोघांनीही 90 दिवसांत आपापल्या राज्याच्या परिवहन खात्याला कळवायचं. हे 90 दिवस साध्या गाडीला लागू नाहीत, तिथं घेणाऱ्याला 30 दिवसच. साध्या गाडीचं गिऱ्हाईक कोल्हापूर-गडहिंग्लजचं असेल तर फॉर्म 28 ची एनओसी आधी हातात घ्या, मगच चावी द्या.

आणि घेणारा वरातीला भाड्याने द्यायचं म्हणत असेल तर त्याला आत्ताच सांगा, व्हिंटेज नोंदणीवर धंदा चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरतीच गाडी रस्त्यावर.