नासूर, पिशवी आणि न तपासलेला तुकडा

डोळ्यातून सारखं पाणी येतंय म्हटलं की सोलापुरात कारण आधीच ठरलेलं असतं. पूर्व भागात यंत्रमागावर उडणारी सुताची कूस, विडी वळणाऱ्या बायकांच्या बाबतीत तंबाखूचा खकाणा, आणि बाकीच्यांसाठी शहराची धूळ. पुढे नाकाजवळच्या कोपऱ्यात फुगवटा आला, दाबल्यावर पू आला, की नाव एकच: नासूर. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. अश्रू नाकात उतरवणारी नळी बंद होते, वरच्या पिशवीत पाणी साचतं आणि त्यात जंतू वाढतात. पण क्वचित त्याच जागी, त्याच लक्षणांआड लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) कर्करोग, वाढत असतो. तो इतका उशिरा का सापडतो, याचं उत्तर मला या दुखण्याच्या उपचारांच्या इतिहासात दिसतं.

दुखणं जुनं आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याच्या संधीत होणाऱ्या रोगांमध्ये ‘पूयालस’ येतो: सूज येते, पिकते आणि दाट, दुर्गंधी पू वाहू लागतो. अरबी वैद्य अशा जागेवर डाग देत. १७१३ मध्ये दोमिनिक आनेल या फ्रेंच शल्यवैद्याने बारीक पिचकारीने अश्रुमार्ग धुण्याची पद्धत आणली. आज डोळ्यांच्या दवाखान्यात ‘सिरिंजिंग’ करतात ते तिचंच रूप. नंतर बराच काळ सडलेली पिशवीच काढून टाकण्यावर भर राहिला. १९०४ मध्ये फ्लॉरेन्सच्या आद्देओ तोती यांनी हाडाला भोक पाडून पिशवी थेट नाकात उघडली. हीच ‘डीसीआर’ नावाची शस्त्रक्रिया. १९२१ मध्ये द्युपुई-द्युतां आणि बूर्गे यांनी पिशवीचं आणि नाकाचं अस्तर एकमेकांना शिवायची सुधारणा केली. १९८९ नंतर दुर्बिणीने नाकातून शस्त्रक्रिया रुळली.

या सगळ्यांचा प्रश्न एकच होता: पाणी जाणार कुठून? पिशवीच्या भिंतीत काय आहे, हे बघायचं कारण फारसं कुणाला वाटलं नाही.

आपल्याकडे त्याला आणखी एक कारण होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी सिरिंजिंग करायचा रिवाज आहे, कारण पिशवीत पू असताना डोळा उघडला तर अख्खा डोळा जाऊ शकतो. खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला डीसीआरपेक्षा पिशवी काढणं सोपं, लवकर आटपणारं. शिबिराच्या गर्दीत हा निर्णय चुकीचा नव्हता, त्याने अनेकांचे डोळे वाचले. पण काढलेली पिशवी फॉर्मलीनच्या बाटलीत पडून पॅथॉलॉजीकडे जाणं हे दरवेळी घडणारं नव्हतं. सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे, म्हणजे तुकडा बघू शकणारी सोय शहरात साठ वर्षांपासून आहे.

दुसरीकडे लिम्फोमाची ओळख वेगळ्याच वाटेने पक्की होत होती. १८३२ मध्ये लंडनच्या थॉमस हॉजकिन यांनी लसिकाग्रंथींच्या आजाराचं वर्णन केलं. पण तो ग्रंथींचा आजार मानला गेल्यावर डोळ्याच्या कोपऱ्यात त्याला कोण शोधणार? ते कोडं सुटायला १९८३ उजाडलं. आयझॅकसन आणि राइट यांनी दाखवलं, की पोटासारख्या अवयवांच्या ओल्या अस्तरातल्या लसिका ऊतकातूनही लिम्फोमा निघतो. त्याला ‘माल्ट लिम्फोमा’, थोडक्यात ‘माल्ट’ म्हणतात. अश्रुपिशवीच्या अस्तरातही असं ऊतक असतं, हे त्यानंतर स्पष्ट झालं. पिशवीत मुख्यत्वे दोन प्रकार दिसतात: हा संथ वाढणारा माल्ट आणि झपाट्याने वाढणारा मोठ्या बी-पेशींचा (बी-पेशी हा लसिकापेशींचाच एक प्रकार). डोळ्याभोवतीच्या इतर भागांच्या मानाने इथे दुसऱ्याचं प्रमाण जास्त आहे, म्हणून उशीर महागात पडतो.

फसगत कशी होते, हे पाहण्यासारखं आहे. गाठीने नळी बंद होते, मग खरंच पू होतो, प्रतिजैविकाने तो कमीही होतो, आणि माणूस बरं वाटलं म्हणून घरी जातो. संशय यावा अशा खुणा मात्र आहेत. फुगवटा कठीण असतो, दाबून रिकामा होत नाही, पापण्यांच्या आतल्या कोपऱ्याच्या रेषेच्याही वर चढतो. कधी अश्रूत रक्त येतं. अशा वेळी आधी सीटी किंवा एमआरआय काढावा, थेट चाकू लावू नये. प्रत्येक डीसीआरमध्ये पिशवीचा तुकडा पाठवावा की संशय असेल तरच, यावर नेत्रतज्ज्ञांत अजून एकमत नाही. मी पाठवावा या बाजूचा आहे. गाठी दुर्मीळ आहेत हे खरं, पण काही लिम्फोमा नेहमीचं अस्तर समजून पाठवलेल्या तुकड्यातच सापडले आहेत.

सापडला तर उपचार आहेत. एकाच जागी असलेल्या माल्टला किरणोपचार चांगला लागू पडतो, दुसऱ्या प्रकाराला केमोथेरपी आणि सोबत रिटुक्सिमॅब. हे औषध १९९७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याच धर्तीचं औषध भारतात आणलं.

आणि आपल्याच जिल्ह्यात, बार्शीला, १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांत माणसं गावोगाव फिरली, घरोघर विचारपूस केली, तेव्हा कुठे खेड्यातल्या कर्करोगाचे आकडे कागदावर आले. कर्करोगाच्या छापील तक्त्यांत लिम्फोमा मात्र अवयवाने नव्हे तर लिम्फोमाच्या प्रकाराने मोजतात. त्यामुळे अश्रुपिशवीतला लिम्फोमा सापडला, तरी तो ‘डोळा’ या ओळीत दिसत नाही.