रिफ्रेश रेटची पडताळणी

संगणकाचा मॉनिटर एका सेकंदात जितक्या वेळा पडद्यावरचे चित्र नव्याने काढतो, ती संख्या म्हणजे त्याचा रिफ्रेश रेट. तो हर्ट्झ या एककात सांगतात. खोक्यावर किंवा जाहिरातीत दिलेला हा आकडा मॉनिटर खरोखर गाठतो का, हे कसे तपासायचे याचा विचार या नोंदीत केला आहे. ६० हर्ट्झला प्रत्येक चित्राच्या, म्हणजे फ्रेमच्या, वाट्याला १६.६७ मिलिसेकंद येतात. १४४ हर्ट्झला ६.९४ आणि २४० हर्ट्झला जेमतेम ४.१७. फ्रेम जितक्या भराभर बदलतात तितकी हालचाल सलग दिसते आणि माउस हलवल्यापासून बाण हलेपर्यंतचा वेळ कमी होतो. वेगवान गेम खेळणाऱ्यांना हा फरक सर्वांत आधी जाणवतो, पण दिवसभर लांबलचक मजकूर किंवा हिशेबाचे तक्ते वर-खाली सरकवणाऱ्यालाही तो कळतो. या आकड्यासाठी ग्राहक जादा पैसे मोजतो. तो पारखून घेण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

पडताळणीत तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. संगणक किती फ्रेम पाठवतो, मॉनिटर त्यांतल्या किती स्वीकारतो आणि पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारा प्रत्यक्ष पडदा, शेवटी किती दाखवते, हे तीन निराळे प्रश्न आहेत. बहुतेक जण ज्या तपासणीवर थांबतात ती फक्त पहिल्याचे उत्तर देते.

नुसत्या डोळ्यांना का कळत नाही

काचेच्या नळीच्या जुन्या सीआरटी मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीमागून ओळ फिरे आणि त्याने उजळलेला फॉस्फरचा थर लगेच मंद होऊ लागे. ६० हर्ट्झला पांढरा पडदा लुकलुकताना दिसे, डोळे शिणत. म्हणून जाणकार ७५ किंवा ८५ हर्ट्झ लावून घेत. एलसीडीत, म्हणजे आजच्या सपाट पडद्यात, तसे होत नाही. पुढची फ्रेम येईपर्यंत प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्राचा बारीक ठिपका, आपली छटा धरून ठेवतो, त्यामुळे कमी रेटला पडदा लुकलुकत नाही. १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर अडकून पडला तरी चित्र स्थिर आणि स्वच्छ असते, आणि वर्ष-दोन वर्षे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

सेटिंगमध्ये ६० ऐवजी ५९.९४ दिसले तर मात्र फसवणूक झाली असे समजू नये. अमेरिकेत १९५३ मध्ये एनटीएससी रंगीत प्रक्षेपणाचे मानक ठरले, तेव्हा रंगाचा संकेत ध्वनीच्या संकेतात मिसळू नये म्हणून मूळ ६० चा आकडा १.००१ ने भागला गेला. तोच वारसा आजच्या मॉनिटरपर्यंत आला आहे. भारतात वीज ५० हर्ट्झची आणि दूरदर्शनचे जुने रंगीत प्रक्षेपणही ५० च्या हिशेबातले पाल पद्धतीचे, तरी इथले संगणक ६० चीच परंपरा चालवतात. १४३.८६ किंवा १४३.९८ असे आकडेही असेच निरुपद्रवी असतात. ते पिक्सेल क्लॉक (सेकंदाला पाठवलेल्या पिक्सेलची संख्या) आणि संकेतातल्या एका फ्रेमचे एकूण पिक्सेल यांच्या भागाकारातून येतात.

संगणक काय पाठवतो

मॉनिटर जोडताच तो आपल्या क्षमतांची यादी संगणकाला कळवतो. या यादीला ईडीआयडी म्हणतात. तिचा मूळ भाग अवघा १२८ बाइटचा असतो. यादीत सर्वांत वरचा रेट असला तरी ऑपरेटिंग सिस्टीम तो आपणहून निवडेलच असे नाही. नव्या मॉनिटरबाबतची सर्वांत मोठी तक्रार इथेच संपते: विंडोजमध्ये डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये गेले की ६० निवडलेले असते आणि खालच्या यादीत १४४ वाट पाहत असतो. त्याच पानावर डेस्कटॉप मोड आणि ॲक्टिव्ह सिग्नल मोड अशा दोन ओळी असतात. त्यांतली दुसरी महत्त्वाची, कारण केबलमधून प्रत्यक्षात काय जाते ते तीच सांगते. लिनक्सच्या एक्स-विंडो सत्रात एक्सरँडर (xrandr) ही आज्ञा दिली की चालू रेटपुढे तारा आणि मॉनिटरच्या पसंतीच्या रेटपुढे अधिकचे चिन्ह दिसते.

यादीतच वरचा आकडा नसेल तर पहिला संशय वाटेवर, म्हणजे केबल आणि पोर्टवर, घ्यावा. एचडीएमआय या चित्र नेणाऱ्या जोडणीच्या १.४ आवृत्तीतून ४के (सुमारे चार हजार पिक्सेल रुंद) चित्र सेकंदाला ३० वेळाच जाऊ शकते. २०१३ च्या एचडीएमआय २.० ने ते ६० वर नेले, तर २०१७ च्या २.१ ने आणि डिस्प्लेपोर्ट या दुसऱ्या जोडणीच्या २०१६ च्या १.४ आवृत्तीने १२० पर्यंत. अनेक जुन्या १४४ हर्ट्झ मॉनिटरांवर पूर्ण रेट फक्त डिस्प्लेपोर्टवर मिळतो आणि एचडीएमआयवर १२० किंवा त्याहून कमी. हे माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असते. डेस्कटॉपमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड असूनही केबल मदरबोर्डच्या पोर्टला खोचलेली असणे हाही नेहमीचा प्रकार. लॅपटॉपला यूएसबी-सी हब लावणाऱ्यांची अडचण निराळी असते. केबलमधल्या चार वेगवान मार्गिकांपैकी दोन डेटासाठी गेल्या की चित्राला दोनच उरतात, आणि डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाला तेवढ्यात ४के चित्र ३० हर्ट्झच्या पुढे जात नाही. मॉनिटर निर्दोष असतो, हब अपुरा पडतो.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या चाचण्या लोकप्रिय आहेत. त्यांतली टेस्टयूएफओ ही सर्वांत परिचित. पुढची फ्रेम काढायची वेळ झाली की ब्राउझर पानाला सूचना देतो, आणि अशा सूचना सेकंदाला किती आल्या ते ही चाचणी मोजते. थोडक्यात, तीही संगणकाच्या बाजूचाच आकडा दाखवते. मॉनिटरच्या आतून कोणतीही माहिती तिला मिळत नाही. त्यापेक्षा मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांनी उघडणाऱ्या मेनूतले माहितीचे पान बरे: मॉनिटरपर्यंत कोणता संकेत पोचला ते तिथे दिसते.

पॅनेल काय दाखवते

स्वस्त मॉनिटर कधीकधी ७५ हर्ट्झचा संकेत विनातक्रार स्वीकारतो, मेनूतही ७५ दाखवतो, आणि आतल्या आत काही फ्रेम गाळून पॅनेलला ६० च देतो. ठरलेल्या मर्यादेपलीकडे हौसेने रेट चढवणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. अशी गळती पकडायला संगणकाबाहेरचा साक्षीदार लागतो, आणि तो प्रत्येकाच्या खिशात आहे: मोबाइलचा कॅमेरा.

फ्रेम गळती तपासणाऱ्या ब्राउझरमधल्या चाचणीत पडद्यावर चौकोनांची जाळी असते. प्रत्येक फ्रेमला एकच चौकोन पांढरा होतो, पुढच्या फ्रेमला त्याच्या शेजारचा, आणि असे जाळीभर चालते. मोबाइल स्टँडवर किंवा पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवावा, कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर एक दशांश सेकंदावर न्यावे, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) कमी ठेवावा आणि फोटो घ्यावा. १४४ हर्ट्झ खरा असेल तर फोटोत १४ किंवा १५ चौकोन एकाला एक लागून उजळलेले दिसतील. टोकाचे दोन चौकोन फिके असतात, कारण शटर फ्रेमच्या अध्येमध्ये उघडते आणि मिटते. ७५ हर्ट्झसाठी एक पंचमांश सेकंद घ्यावा. तेव्हा साधारण १५ चौकोन मिळतात. मॉनिटर आतून ६० वरच चालत असेल तर उजळलेल्या रांगेत दर पाचवा चौकोन काळा पडलेला असतो. १२० चे ६० होत असतील तर एकाआड एक काळा. हा नमुना एकदा पाहिला की पुन्हा शंका राहत नाही.

एका फोटोवर निकाल देऊ नये. मागे दुसरे काही काम चालू असेल तर ब्राउझर स्वतःच अडखळतो, आणि फोटोतली फट त्याची असू शकते. चार-पाच फोटोंत फट ठरावीक अंतराने येत असेल तरच दोष मॉनिटरचा. उजळ चौकोनाशेजारी अंधूक उजेड दिसला तर ती गळती नव्हे. तो पिक्सेलचा संथपणा.

मोबाइलच्या स्लो मोशनवर मात्र फार विसंबू नये. २४० फ्रेमचा कॅमेरा ६० हर्ट्झच्या प्रत्येक फ्रेमचे चार फोटो घेतो, म्हणून तिथे मोजणी जमते. १४४ हर्ट्झला फ्रेममागे दोन फोटोही मिळत नाहीत. ९६० चा दावा करणारे काही मोबाइल मधल्या फ्रेम स्वतः रचून घालतात, म्हणजे पडताळणीचे साधनच पडताळावे लागते.

प्रयोगशाळेत फोटोडायोड (उजेड टिपून विजेचा संकेत देणारा भाग) आणि ऑसिलोस्कोप (तो संकेत लाटेच्या रूपात दाखवणारे यंत्र) वापरतात, आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे जमण्यासारखे आहे. पडद्याचा एक कोपरा एका फ्रेमला काळा, पुढच्या फ्रेमला पांढरा करत राहायचे आणि डायोड तिथे चिकटवायचा. काळा-पांढरा मिळून एक आवर्तन होते, म्हणून १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर सेकंदाला ७२ आवर्तने मिळायला हवीत. पडद्यामागच्या दिव्याचा उजेड कमी करताना काही मॉनिटर तो झपाट्याने चालू-बंद करतात, आणि ती लाट मोजणीत घुसते. त्यामुळे उजेड पूर्ण ठेवून मोजावे.

आकडा खरा निघाला तरी एक प्रश्न उरतो. २४० हर्ट्झला दर ४.१७ मिलिसेकंदांनी नवी छटा हवी, आणि पिक्सेलला ती गाठायला १० लागत असतील तर फ्रेम अर्धवट असतानाच पुढची येते. व्हीए या एलसीडीच्या एका प्रकारच्या पॅनेलमध्ये गडद छटांच्या बाबतीत हे हटकून घडते आणि हलत्या वस्तूमागे काळसर डाग ओढला जातो. माझ्या मते अशा पॅनेलवर मोठा आकडा छापणे ग्राहकाला अर्धेच सत्य सांगणे आहे. ओएलईडी पडद्याचे, स्वतःच उजळणारे, पिक्सेल याबाबतीत खूपच चपळ असतात.

जाहिरात आणि प्रमाणपत्र

टीव्हीच्या जाहिरातीत मोशन रेट अशा नावाने येणारे मोठे आकडे रिफ्रेश रेट नसतात. ६० हर्ट्झच्या पॅनेलवर चित्रांवर केलेली प्रक्रिया त्यांत मोजलेली असते. काही ४के टीव्ही १२० गाठतात ते उभ्या दिशेने निम्मा तपशील सोडून.

मॉनिटरची मानके ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेने मे २०२२ मध्ये ॲडॅप्टिव्हसिंक डिस्प्ले हे प्रमाणपत्र सुरू केले. त्यासाठी मूळ रिझोल्यूशनला (पॅनेलच्या सर्व पिक्सेलवर) किमान १४४ हर्ट्झ लागतो, छटा बदलण्याचा वेळ ५ मिलिसेकंदांच्या आत लागतो, फ्रेम गळत नाहीत ना हे तपासले जाते, आणि सर्व मोजमाप कारखान्यातून आलेल्या सेटिंगवरच होते. खोक्यावर हे चिन्ह असेल तर दुकानातल्या शब्दापेक्षा त्यावर भरवसा ठेवावा.

भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. वैयक्तिक तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ऑनलाइन खरेदीत वस्तू बदलून मिळण्याची मुदत थोडी असते, म्हणून तपासणी पहिल्याच दिवशी करावी. खोक्यावरचा आकडा, मेनूतले संकेताचे पान, वापरलेली केबल आणि शटरची वेळ दिसणारा चौकोनांचा फोटो, एवढे तक्रारीसोबत जोडावे.