बूशों : लिओं शहरातील कामगारांच्या खाणावळींची पूर्वपीठिका

फ्रान्समधील लिओं शहरात जाणाऱ्याला पहिल्यांदा सुचवले जाते ते ‘बूशों’मधले जेवण. लाकडी टेबलांवर चौकटीचे कापड, दाटीवाटीची बैठक आणि वजडी, आतडी, पाये यांनी भरलेली पदार्थांची यादी असे या छोट्या खाणावळींचे रूप असते. ही यादी अशी का, याचे उत्तर शहराच्या रेशमी कापडाच्या धंद्यात सापडते.

राजा पहिला फ्रान्स्वा याने 1536 मध्ये लिओंला रेशीम विणण्याची सवलत दिली आणि पुढच्या शतकांत शहर या धंद्याचे मोठे केंद्र झाले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जाकार यांचा नवा माग आला. तो इतका उंच होता, की त्याच्यासाठी क्रुआ-रूसच्या टेकडीवर सुमारे 4 मीटर उंच छताची घरे बांधली गेली. तिथे राहणाऱ्या विणकरांना ‘कानू’ म्हणत. मजुरीच्या दरावरून त्यांनी 1831 आणि 1834 मध्ये उठाव केले आणि दोन्ही वेळा सैन्य आणून ते मोडण्यात आले. पहाटेपासून मागावर बसणारा हा माणूस सकाळी नऊच्या सुमारास भरपेट खाई. त्या न्याहारीला ‘माशों’ म्हणतात. तिच्यात सॉसेज, डुकराचे मांस, आदल्या दिवशीचे उरलेसुरले आणि सोबत शेजारच्या बोजोले भागातली वाइन असे. चांगले मांस श्रीमंतांच्या घरी जाई, म्हणून कामगाराच्या ताटात जनावराचे उरलेले भाग येत, आणि ते रुचकर करण्यातच इथल्या स्वयंपाकाचे सारे कसब पणाला लागले.

‘ताब्लिए द सापर’ हे त्याचे उत्तम उदाहरण. गाईची वजडी उकडून, पांढऱ्या वाइनमध्ये मुरवून, पावाच्या चुऱ्यात घोळवून ती तळतात. बाहेरून कुरकुरीत आणि आत मऊ, किंचित चिवट अशा या तुकड्याला सैन्यातील सापर, म्हणजे खंदक-सुरुंग खणणाऱ्या, शिपायांच्या चामडी एप्रनचे नाव मिळाले आहे. दुसरा पदार्थ ‘सेर्वेल द कानू’, म्हणजे शब्दशः ‘विणकराचा मेंदू’. त्यात मेंदू मुळीच नसतो. आपल्या चक्क्यासारखे ताजे चीज फेटून त्यात बारीक चिरलेला छोटा कांदा, कोवळी हिरवी पात, व्हिनेगर आणि ऑलिव्ह तेल घालतात. वाइन येते ती जाड बुडाच्या, 46 सेंटिलिटरच्या ‘पो’ नावाच्या बाटलीतून.

‘बूशों’ या नावाविषयी मतभेद आहेत. दारूच्या दुकानाची खूण म्हणून दारावर टांगल्या जाणाऱ्या गवताच्या किंवा फांद्यांच्या जुडीवरून ते आले, हे स्पष्टीकरण मला अधिक पटते. घोड्यांना पेंढ्याने खरारा करण्याच्या क्रियेशीही काही जण त्याचा संबंध जोडतात.

या परंपरेला प्रतिष्ठा मिळवून दिली ती स्त्रियांनी, आणि हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. सधन घराण्यांच्या स्वयंपाकघरांत राबलेल्या बायकांनी पुढे स्वतःच्या खाणावळी काढल्या. त्यांना ‘मेर’, म्हणजे आई, असे म्हटले जाई. मेर फिलियू यांचा मेनू वर्षानुवर्षे जवळपास तोच असे, आणि कोंबडीच्या कातडीखाली ट्रफल या जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी बुरशीच्या काळ्या चकत्या सरकवून शिजवलेले त्यांचे पक्वान्न त्या स्वतः टेबलापाशी येऊन कापून वाढत. त्यांच्याकडे काम केलेल्या एजेनी ब्राझिए यांनी 1921 मध्ये रुआयाल रस्त्यावर आपले रेस्तराँ उघडले. 1933 मध्ये त्यांच्या दोन रेस्तराँना रेस्तराँना दर्जा देणाऱ्या मिशलँ मार्गदर्शिकेचे प्रत्येकी तीन, म्हणजे सर्वाधिक, तारे मिळाले. पुढे जगप्रसिद्ध झालेले शेफ पॉल बोक्युझ हे त्यांच्याच हाताखाली शिकले. 1935 मध्ये खाद्यसमीक्षक क्युर्नोन्स्की यांनी लिओंला खाद्यकलेची जागतिक राजधानी म्हटले, तेव्हा त्या किताबामागे या स्त्रियांचे कष्ट होते.

रेशमाचा धंदा आटला, पण बूशों टिकल्या. पर्यटक वाढले तसे, पदार्थ बाहेरून तयार आणून केवळ नाव लावणारी दुकानेही वाढली. यावर उपाय म्हणून आधी काही खाणावळवाल्यांनी संघटना उभारली आणि 2012 पासून अधिकृत मानचिन्ह सुरू झाले. त्यासाठी पदार्थ तिथेच ताजे रांधणे, स्थानिक माल वापरणे आणि पाहुण्याचे आपुलकीने स्वागत करणे अपेक्षित असते. मात्र मानचिन्ह न घेतलेल्या काही जुन्या जागाही तितक्याच अस्सल आहेत. म्हणून दारावरच्या पाटीसोबत आतली यादीही वाचावी, आणि सकाळचा माशों अजून वाढणारी एखादी खाणावळ सापडली, तर दुपारच्या जेवणाची वाट न पाहता नऊ वाजताच तिथे जाऊन बसावे.