विरजणाचे विरजण

दही लावायला विरजण लागते आणि विरजण म्हणजे कालचेच दही. टर्मिनलवर चालणारी साधने सोर्स कोडपासून, म्हणजे माणसाने लिहिलेल्या प्रोग्रामच्या मजकुरापासून, बनवताना हाच पेच पडतो: साधन बनवायला तसेच साधन आधी हाताशी लागते, आणि तो सोडवण्याच्या रीतीला ‘बूटस्ट्रॅपिंग’ म्हणतात.

१९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ लिहिले. कोणत्या फाइली बदलल्या आहेत हे पाहून तेवढ्याच पुन्हा कंपाइल करून (म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणून) घेणे हे त्याचे काम. पण ग्नू मेकचा (‘ग्नू’ या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातल्या मेकचा) सोर्स कोड उतरवून घेतला आणि संगणकावर मेकच नसेल, तर त्या कोडसोबतच एक छोटी शेल स्क्रिप्ट, म्हणजे टर्मिनलच्या आज्ञांची यादी, मिळते. काय बदलले, काय नाही, हे ती तपासत बसत नाही. एकेक फाइल ओळीने कंपाइल करते, शेवटी सगळ्या जोडते आणि मेक तयार होते. पुढची सगळी कामे मग तेच मेक करते.

जीसीसी हा ग्नूचा कंपायलर, म्हणजे सोर्स कोड कंपाइल करणारा प्रोग्राम, तीन फेऱ्यांत बनतो. संगणकावर आधीपासून असलेला कंपायलर पहिला जीसीसी घडवतो, पहिला दुसऱ्याला आणि दुसरा तिसऱ्याला. पहिला परक्या हातचा असल्याने त्याचा यंत्रसंकेत (प्रोसेसरला थेट कळणाऱ्या आज्ञा) वेगळा असू शकतो. दुसरा आणि तिसरा मात्र बाइटला बाइट जुळायलाच हवेत, नाहीतर बांधणी तिथेच थांबते.

तरीही मूळ विरजणच नासके असेल तर? संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या, संगणकशास्त्रातल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवून दिले, की कंपायलरमध्ये लपवलेला चोरदरवाजा प्रत्येक नव्या कंपायलरमध्ये आपोआप उतरू शकतो आणि सोर्स कोडमध्ये त्याचा मागमूसही राहत नाही.

यावरचा उपाय मला फार मोलाचा वाटतो. २०२३ साली सॉफ्टवेअर सोर्स कोडपासून बांधणाऱ्या ग्नू गीक्स प्रकल्पाने ‘हेक्स-झिरो’ या अवघ्या ३५७ बाइटांच्या बीजापासून, म्हणजे तयार यंत्रसंकेतातल्या प्रोग्रामपासून, पायरीपायरीने जीसीसीपर्यंतची साखळी उभी केली. संगणकात मजकूर साठवण्याच्या युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे एवढ्या जागेत आपली फक्त ११९ चिन्हे मावतील. सोळा अंकी पद्धतीत लिहिलेल्या आकड्यांच्या जोड्या वाचायच्या आणि प्रत्येक जोडीचा एक बाइट लिहायचा, एवढेच ते बीज करते. त्याच्याखाली लिनक्सचे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, उरतेच, शिवाय साखळी हाकणारा गाइल प्रोग्रामही तयारच घ्यावा लागतो. पण त्या बीजातला प्रत्येक बाइट प्रोसेसरच्या माहितीपुस्तिकेशी ताडून पाहणे एका माणसाला शक्य आहे.